धागा: कुंडीतली माती दरवर्षी का फेकायची?

तिसरा_मजला

मे संपत आला की नर्सरीवाल्यांची चांदी असते. पॉटिंग मिक्सच्या पिशव्या घरोघरी जातात आणि गेल्या वर्षीची माती गोण्यांत भरून कचऱ्याच्या ढिगावर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "त्या मातीत आता काही येत नाही हो." मला हे कधीच पटलेलं नाही. माझ्या बाल्कनीतल्या क्रेट आणि बादल्यांतली माती कित्येक वर्षं तीच आहे. आणली तेव्हा होती त्यापेक्षा ती आता काळी आणि भुसभुशीत झाली आहे. विकतचं खत जवळजवळ बंद आहे.

करते ते एवढंच. पीक निघालं की झाड उपटत नाही, मातीलगत कापते. मुळं आत राहतात, कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पाणी-हवा खाली जाते. कापलेला भाग हाताने तोडून त्याच क्रेटमध्ये पसरते. रोगट असेल तेवढाच बाहेर. त्यावर घरचं खत दोन बोटं, त्यावर सुका पाला चार बोटं. खुरप्याने खालवर करत नाही. नवं रोप लावायचं तिथे पाला बाजूला सारायचा, लावायचं, पाला परत ओढायचा. आणि क्रेट मोकळा ठेवायचा नाही. काहीच सुचत नसेल तर डब्यातली मूठभर चवळी, मूग, मेथी टाकायची आणि फुलोऱ्यावर आली की कापून तिथेच पसरायची.

धागा अशासाठी काढला की बाल्कनीचं मला जमतं, पण आता सोसायटीने गच्चीचा एक कोपरा देऊ केला आहे. गच्चीवर किती माती चालते आणि पावसात कस वाहून जातो त्याचं काय करायचं, यावर ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. बाकी गप्पाही चालतील.

कल्याण_स्लो

वाचनखूण साठवली आहे. माझी बाल्कनी म्हणजे ग्रिलचा पिंजरा आहे, त्यात कपडे, सायकल आणि मी. तरी दोन क्रेट बसतात. लिहीत राहा ताई.

बांधकाम_बाबू

कोपरा ताब्यात घेण्याआधी आकडे बघा, कारण याबद्दल सगळीकडे फार हवेतलं बोललं जातं.

ज्या सपाट छतावर माणसं ये-जा करतात, त्याच्यासाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन इतका भार धरलेला आहे. म्हणजे साधारण १५० किलो, चौरस फुटाला १४ किलो. आता पाण्याने पूर्ण भिजलेली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे फूटभर जाडीचा मातीचा वाफा भर पावसात धरलेल्या भाराच्या तिपटीच्या वर जातो. "आमच्याकडे तर काहीच झालं नाही" हे मला ऐकवू नका. इमारतीत जे जास्तीचं बळ ठेवलेलं असतं ते तुमच्या वांग्यांसाठी नसतं, भूकंप आणि कच्च्या सिमेंटसाठी असतं.

याउलट अर्धवट कुजलेला पाला आणि खत यांचं मिश्रण ओलं असतानाही घनफुटाला २० ते २५ किलोच्या आसपास राहतं. सहा इंच थर दिला तर १० ते १२ किलो. हे बसतं. म्हणून गच्चीवर माती कमी आणि पाला जास्त हा नियम बागेच्या आधी इमारतीसाठी पाळा.

जड वस्तू ठेवायच्या तर तुळयांवर आणि खांबांच्या डोक्यावर. स्लॅबच्या मध्यावर २०० लिटरचं पिंप अजिबात नको. अर्धं कापलेलं पिंपही ओल्या मातीने भरलं की दीडशे किलोच्या पुढे जातं. बाल्कनी बाहेर काढलेली असेल तर वजन भिंतीच्या बाजूला, कठड्याच्या बाजूला नाही. आणि कठड्याच्या बाहेर लटकवलेली कुंडी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. खालून माणसं जातात.

राहिला गळतीचा प्रश्न. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी) असेल तर त्यावर थेट वाफा घालू नका. विटा अंथरून, मध्ये फटी ठेवून त्यावर वाफा उचला, खालून पाणी वाहताना दिसलं पाहिजे. पन्हाळीच्या तोंडाला जाळी. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच; त्याची फी पॉटिंग मिक्सपेक्षा जास्त आहे, मान्य.

अंबाडी

बाबूंनी महत्त्वाचं लिहिलंय. पाल्यावर भाजी पिकवायची वाट आमच्या कोल्हापुरात फार आधी घालून दिलेली आहे. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करून एकमेकांना शिकवायचं, अशी ती रीत. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, ही त्यांची मांडणी. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. गच्चीवरची पुष्कळ मंडळी आज जी 'अमृतमाती' करतात ती त्यांच्याच विचारातून आलेली.

कृती देते, कारण इंटरनेटवर ती अर्धी-कच्चीच सापडते. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. सावलीत तीन दिवस ठेवायचं, दिवसातून दोन-तीन वेळा काठीने ढवळायचं. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालायचं, हे अमृतजल. त्यात सुका पाला रात्रंदिवस बुडवून ठेवायचा, मग पाल्याचा एक थर, मातीचा पातळ थर, पुन्हा पाला, असा फूटभर उंच ढीग. पायाने दाबायचा. आठवड्याने उलटायचा, ओल राखायची. महिन्याभराने पाला ओळखू येईनासा होतो. पण गंमत इथून पुढे आहे. त्या ढिगावर सगळ्या चवींचं बी मिसळून पेरायचं: मेथी, मोहरी, अंबाडी, मूग, तीळ, ज्वारी, धने, बडीशेप, घरात असेल ते. २१ दिवसांनी शेंडे खुडून ढिगावरच टाकायचे, ४२ दिवसांनी पुन्हा खुडायचं, ६३ दिवसांनी मातीलगत कापायचं. कोवळं पान, जून पान आणि पिकलं पान यांच्यातली द्रव्यं वेगळी असतात, आणि तिन्ही मातीत जावीत म्हणून हा खटाटोप. पहिल्या दिवसापासून ते कापलेलं सगळं कुजेपर्यंत धरलं तर चार-साडेचार महिने लागतात. घाई असणाऱ्यांचं हे काम नव्हे.

गणिती_डोकं

एक शंका. पाला बाहेरून, शेण गोशाळेतून टेम्पोने, गूळ किराणातून, आणि तरी नाव काय तर मातीचं पुनरुज्जीवन! कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तर केरळ-तमिळनाडूतून ट्रकने येतं. दुसऱ्याच्या रानाचा कस उचलून आपल्या गॅलरीत आणणं याला पुनरुज्जीवन म्हणायचं का? कुचेष्टा नाही, खरंच विचारतोय.

तिसरा_मजला

बरोबर विचारलंत. कोकोपीटबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. ते ओल धरतं, बाकी त्यात झाडाला खायला काही नाही, आणि नीट न धुतलेलं असेल तर क्षार घेऊन येतं. मी ते वापरत नाही. शेण मला मिळत नाही, म्हणून तेही नाही. आंबट ताक आणि जुन्या खताची मूठ एवढ्यावर माझं विरजण लागतं.

पाल्याचं मात्र उलट आहे. तो आपण आणला नाही तर जाळला जातो. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम २०१६ पासून हेच जुळवून देतो: ज्याच्या आवारात पाला पडतो तो आणि ज्याला बागेसाठी हवाय तो. आमच्या रस्त्यावरच्या बदाम आणि पिंपळाचा पाला आम्ही सहा घरं वाटून घेतो.

आणि स्वयंपाकघराचं बघा. पुण्यातल्या घरात रोज नारायणगावचा टोमॅटो येतो, पुरंदरचा वाटाणा येतो, कुठल्या कुठल्या गावची कोथिंबीर येते. तिथल्या जमिनीतलं नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश) रोज पिशवीत बसून शहरात शिरतं. सालं-देठं आपण गाडीत टाकतो आणि ती वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडली. मुंबईत तेच देवनारला, १९२७ पासून. बाहेरून कस आणण्याची आपल्याला गरजच नाही, तो येतोच आहे. मी फक्त तो दाराशी अडवते. जुन्नरच्या शेतकऱ्याला तो परत मिळत नाही, हे खरं, आणि त्याचं उत्तर माझ्या बाल्कनीत नाही.

गणिती_डोकं

हे उत्तर चांगलं आहे. मग हिशेबच करू. एक किलो पालकात ढोबळ मानाने ४ ग्रॅम नत्र असतं. भाजीच्या ओल्या कचऱ्यात किलोला ३ ते ४ ग्रॅम. खत होताना त्यातलं निम्मं हवेत उडालं असं धरा. म्हणजे एक किलो पालक कापायची तर दोन-अडीच किलो ओला कचरा मातीत परत जायला हवा. घरात रोज अर्धा किलो निघत असेल तर महिन्याला पंधरा किलो, त्यावर सहा-सात किलो पालेभाजी निभावते. दोन माणसांना भरपूर झाली.

पण इतकी पालेभाजी काढायला लागणारं ऊन तुमच्या बाल्कनीत आहे का? खत नव्हे, ऊन कमी पडतं. शहरात खरी टंचाई त्याची आहे.

कल्याण_स्लो

+१. समोर नवीन टॉवर उभा राहिला आणि माझ्या टोमॅटोने राम म्हटला. आता अळू, पुदिना, गवती चहा आणि मायाळू एवढंच. कमी उन्हातही ते तक्रार करत नाहीत.

अंबाडी

कमी उन्हात हळद आणि आलंही लावून बघा. मे-जूनमध्ये गड्डे लावायचे, थंडीत पानं वाळली की काढायचे. तोवर हळदीच्या पानात पातोळ्या होतात, तेवढ्यासाठी तरी लावावीच. पालेभाजीला तीन-चार तास थेट ऊन पुरतं, फळभाजीला सहाच्या खाली नको.

नवखी_कुंडी

मला सगळं वाचून हुरूप आला म्हणून बादलीला भोकं पाडून कचरा टाकायला लागले. आता त्यात पांढऱ्या अळ्या वळवळतायत. सासूबाईंनी बादली दारात ठेवली आहे. 😭 मेलं का माझं खत? आणि दुसऱ्या कुंडीतल्या जुन्या मातीत वेगळ्याच जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, त्या कोणत्या?

तिसरा_मजला

खत जिवंत आहे, काळजी नको. बादलीतल्या अळ्या चपट्या, वळ्या-वळ्यांच्या आणि पुढे तपकिरी होत जाणाऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. चावत नाहीत, झाडाला काही करत नाहीत, कचरा मात्र फार वेगाने संपवतात. त्या दिसतात याचा अर्थ बादली ओली जास्त आहे. जेवढा कचरा टाकाल त्याच्या दुप्पट सुका पाला, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा वर घाला. हातात घेऊन मूठ दाबल्यावर पाणी टपकलं नाही पाहिजे. वास गेला की सासूबाईही बादली आत घेतील.

कुंडीतल्या जाड, तपकिरी डोक्याच्या, पुढे पाय असलेल्या आणि हातावर घेतल्या की अर्धगोल वळणाऱ्या असतील तर त्या भुंगेऱ्याच्या अळ्या. त्यात हुमणी असेल तर ती मुळं खाते. वेचून काढायच्या आणि उघड्या कठड्यावर ठेवायच्या. साळुंक्या बाकीचं बघतात.

वऱ्हाडी_ठेचा

सगळे पुण्याचं बोलून राहिले, जरा नागपूरचंही ऐका. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात अक्षरशः. त्या मातीतले जीवजंतूही मरतात. तुम्ही म्हणता माती जिवंत ठेवा, इथं माणूस जिवंत राहणं मुश्किल!

पण जमतं. सगळ्या कुंड्या एकमेकांना चिकटवून ठेवायच्या म्हणजे मधल्यांना झळ लागत नाही. बाहेरच्या रांगेला चुना मारायचा किंवा गोणपाट गुंडाळायचं. वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. आच्छादन चार बोटं नाही, वीतभर. आणि पाणी घालायचं तर गळका किंवा जुना माठ मोठ्या टबमध्ये गळ्यापर्यंत पुरायचा, तोंडावर झाकण. पाणी झिरपत राहतं, वरून शिंपडलेलं अर्धं वाफ होऊन जातं ते वाचतं. मे महिन्यात उगाच टोमॅटोच्या मागं लागायचं नाही. चवळी, राजगिरा, माठ, घोळ घ्या. घोळ तर आपणहून येतो, आपण त्याला तण म्हणून उपटतो. मुगाची डाळ घालून करून पाहा, मग बोला.

म्हापशेकार

इकडे गोंयात उलटी गोष्ट. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो सगळा चार महिन्यांत अंगावर. मूळ धाग्यात विचारलंय, पावसात कस जातो त्याचं काय. जातोच. नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं आणि कुंडीला खाली शेताप्रमाणे थर नाहीत, ते सरळ गटारात जातं.

आमच्या घरी जून ते ऑगस्ट कुंड्यांना खत घालत नाहीत. घातलं तर ते पावसालाच घातल्यासारखं. त्याऐवजी जाड पाला आणि दाटीने उभं पीक, म्हणजे थेंब मातीवर आपटत नाही आणि मुळं मिळेल ते ओढून घेतात. काकडी, दोडकी, भेंडी तेव्हा. खत गणपतीनंतर, पाऊस ओसरला की. तांबडी भाजीही तेव्हाच पेरावी, भर पावसात तिची रोपं आडवी होतात.

पावसाची एक चांगली बाजू सांगतो. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आहे त्यांच्या कुंडीवर पांढरा थर बसतो. तो क्षारांचा. उन्हाळाभर साठलेले क्षार पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातात. म्हणून जूनचे पहिले पाऊस कुंड्यांवर सरळ पडू द्यावे, छपराखाली ओढू नयेत.

कल्याण_स्लो

आमच्याकडे पाऊस म्हणजे गोगलगायी. मोठ्या शंखाच्या, हातभर मायाळू रात्रीत फस्त. मीठ टाकू नका, माती खारट होते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये ठेवायचं, सकाळी खाली जमलेल्या वेचायच्या, हातमोजे घालून. नंतर त्यांचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर.

नवखी_कुंडी

अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, एप्सम सॉल्ट... व्हिडिओंमध्ये रोज नवीन काहीतरी. यातलं खरं काय? माझ्या मिरचीची पानं पिवळी पडतायत.

गणिती_डोकं

व्हिडिओ बंद करा, हा पहिला उपाय.

टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी मातीत ते हळूहळू विरघळतं. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत आधीच चुनखडी आहे, तिचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या घरात. तिथे टरफलं वर्षानुवर्षं जशीच्या तशी पडून राहतात. टोमॅटोचा तळ काळा पडला की लोक टरफलं घालतात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यातला अनियमितपणा असतो. एक दिवस कोरडं, एक दिवस तळं, असं झालं की कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन घाला आणि पाण्याची वेळ सांभाळा.

केळ्याच्या सालीत पालाश आहे, पण पाण्यात भिजवून ते पाणी घालण्यात काही विशेष नाही, सरळ खतात टाका. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन टाका, नाहीतर मुंग्या.

पिवळेपणा कुठे आहे ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. मातीत असतं, पण जड पाण्याने आणि चुन्याने अडकून बसतं. त्याला खत वाढवून उपयोग नाही. पानं वाकडी, वळलेली असतील तर उलटी करून बघा, फुलकिडे किंवा कोळीकीड असणार.

अंबाडी

किडींबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. चवळीवर काळा मावा आला की लगेच निंबोळी तेल घेऊन धावू नये. आठवडाभर थांबावं. ठिपक्यांचे ढालकिडे येतात, त्यांच्या काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या माव्याचा फडशा पाडतात. आपण फवारलं की तेही मरतात आणि मग दरवेळी आपल्यालाच फवारत बसावं लागतं. फारच झालं तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं. पिठ्या ढेकणाला मात्र दया नाही. तिथे लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. मुंग्या चढताना दिसल्या की आधी त्यांचा बंदोबस्त करा, त्याच ढेकणांची ने-आण करतात.

शेपू, बडीशेप आणि कोथिंबीर थोडी फुलू द्यावी. त्या बारीक फुलांवर चांगले कीटक येतात. आपल्याला भाजी खायची घाई, फुलू देतं कोण!

बांधकाम_बाबू

माझ्या घरचा प्रश्न विचारतो. दुधीला फुलं भरपूर, फळ एकही नाही. बायको म्हणते मीच वजनाचे हिशेब सांगून त्याला घाबरवलंय.

म्हापशेकार

🙂 बाबू, उंचावर मधमाशा कमी येतात, परागीकरण हाताने करा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तांबड्या भोपळ्याची पहाटे, कारल्याची सकाळी. तुम्ही दुधीकडे सकाळी नऊला जात असाल तर वेळ टळलेली असते. ज्या फुलाच्या मागे छोटं फळ दिसतं ते मादी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून मादीच्या मध्यभागी टेकवायचं. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा धीर धरा. वहिनींना सांगा, तुमचा दोष नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बियाण्याबद्दल कोणी लिहिलंच नाही! दरवर्षी पाकिटं विकत घेत असाल तर हे सगळं अर्धवट आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालाचे किती प्रकार जपले, २०२० चा पद्मश्री मिळाला त्यांना. आपल्याला तेवढं नाही, पण दोन-चार वाण तर सांभाळता येतात. घेवडा, मेथी, टोमॅटो सोपे, बहुतेक आपल्याच परागावर धरतात. शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू द्या, राखेत घालून कोरड्या बाटलीत ठेवा. भोपळा-दोडका-काकडीचं बी मात्र शेजाऱ्याकडच्या फुलांशी मिसळतं, पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. संकरित टोमॅटोचं बीही तसंच, आईवर जाईलच असं नाही.

आणि एकाच झाडाचं बी धरू नका. चार-पाच चांगल्या झाडांचं मिसळून ठेवा.

नवखी_कुंडी

सासूबाईंनी बादली आत घेतली!! पाला टाकल्यावर दोन दिवसांत वास गेला. 😀

आता एकच. माझ्या टोमॅटोचं झाड हिरवंगार असताना एका दिवसात मान टाकून मेलं. पाणी होतं. शेजारच्या कुंडीतलं वांगंही तसंच. तिसरा_मजला ताईंच्या पद्धतीने मुळं आतच ठेवू ना?

तिसरा_मजला

नाही, थांब! इथे नाही. हिरवं झाड एकदम कोमेजलं तर बुंध्याचा तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात सरळ उभा लटकव. कापलेल्या जागेतून दुधासारखी पांढरट तार खाली सुटली तर तो जिवाणूजन्य मर रोग. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत). दोन्हीत मुळासकट झाड उपटून कचऱ्याच्या गाडीत जाऊ दे, खताच्या बादलीत नको.

गणिती_डोकं

म्हणजे शेवटी माती फेकायचीच?

तिसरा_मजला

फेकायची नाही, पण ती इतर कुंड्यांत मिसळायचीही नाही. ती भर उन्हाळ्यात ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात पसरून चार ते सहा आठवडे तापवायची. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. वऱ्हाडी भाऊंच्या नागपूरच्या गच्चीवर हे आमच्यापेक्षा लवकर होईल. त्यात चांगले जीवही मरतात, म्हणून नंतर घरच्या खताची दोन मुठी घालून महिनाभर मेथी-चवळी घ्यायची. सूत्रकृमी असतील तर झेंडू दाट लाव आणि तो तिथेच काप, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने त्यांची संख्या घटते. त्या मातीत पुढची दोन वर्षं टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा काही नको. एकाच घराण्यातले आहेत सगळे. मर रोगाच्या मातीत मका, घेवडा, पालेभाजी चालेल. मर रोग मातीत बराच काळ टिकतो, त्यामुळे दोन वर्षांनीही आधी एकच टोमॅटो लावून बघ.

आणि खुरपं, कात्री धुऊन घे. दोन कुंड्यांत रोग एका वेळी आला म्हणजे तो बहुतेक हत्यारावरून किंवा खालच्या एकाच ताटलीतल्या पाण्यातून गेलाय. ताटल्या वेगळ्या कर.

बांधकाम_बाबू

माती उन्हात तापवायला गच्चीवर पसरणार असाल तर एकाच जागी ढीग करू नका, पातळ पसरा. आणि प्लास्टिकच्या कडांना दगड नकोत, वाऱ्याने खाली पडतात. कडा मातीनेच दाबा.

कल्याण_स्लो

बाबू, दुधीचं काय झालं?

बांधकाम_बाबू

संध्याकाळी सात वाजता टॉर्च घेऊन गच्चीवर जातोय. दोन फळं धरली आहेत. वॉचमन रोज विचारतो काय शोधताय म्हणून.